अख्खं घर एका दिवशी म्युझियमला न्यायचंय, भांडण न होता. कसं जमवावं?

फिरकी

मंडळी, सल्ला हवाय. दिवाळीच्या सुट्टीत नणंद येतेय बंगळुरूहून, तिचा मुलगा चौदा वर्षांचा. माझी दोन, अकरा आणि सहा. साबा (सासूबाई) ७१, साबु (सासरे) ७६ (एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं "बघू"). नवरा आणि मी धरून एकूण आठ डोकी.

गेल्या वर्षी सगळे मॉलमध्ये गेलो होतो. साबु चार तास सरकत्या जिन्याजवळच्या बाकावर बसून, आणि रात्री जेवताना म्हणाले की या पोरांना आपलं म्हणून काही माहीतच नाही. भाचा मान वर न करता म्हणाला, "मग दाखवा ना आजोबा." सगळे गप्प. तर यंदा दाखवायचं ठरलंय.

पण आमचा इतिहास चांगला नाही. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या म्युझियमला गेलो होतो (नाव नको), तीन मजले. नवऱ्याला प्रत्येक पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची सवय, मी पोरांच्या मागे, मुलगा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात फतकल मारून बसला की मी आता इथेच राहणार. परत येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. लोणावळ्यापर्यंत!

आम्ही पुण्यात. डोक्यात तीन नावं आहेत: इथलंच केळकर म्युझियम (राजा दिनकर केळकर संग्रहालय), मुंबईचं प्रिन्स ऑफ वेल्स (नवीन नाव माहितेय, जिभेवर जुनंच येतं) नाहीतर औंध (पुण्यातलं नव्हे, साताऱ्याकडचं). कुठे जावं, किती वेळ द्यावा, पोरांना काय सांगावं, आणि नवऱ्याला पाट्यांपासून लांब कसं ठेवावं?

टिवल्या_बावल्या

नवऱ्याला चष्मा घरी विसरायला लावा. पुढचा प्रश्न?

अडगळ

केळकरला जा, डोळे मिटून. पण "म्युझियम बघायला" जाऊ नका, "दिवे बघायला" जा. किंवा अडकित्ते, किंवा फण्या. एकच काहीतरी ठरवून. तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत आणि त्यातल्या साधारण अडीच हजार मांडलेल्या असतात. अडीच हजार वस्तू प्रत्येकी दहा सेकंद बघितल्या तरी सात तास होतात, मग पोरगं जिन्यात बसणार नाही तर काय करणार बिचारं.

मी माझ्या पोरीला पहिल्यांदा नेलं तेव्हा तिकिटाच्या रांगेतच सांगितलं की आज फक्त अडकित्ते. तिने अडकित्ता हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. आत जाऊन बघते तर सुपारी फोडायच्या एवढ्याशा हत्याराला कुणी घोडा केलाय, कुणी पोपट, कुठे माणसांची जोडी. घरी येईपर्यंत एकच प्रश्न की सुपारी नुसती दगडाने फुटत नव्हती का. त्या प्रश्नावर आम्ही आठवडाभर बोलत होतो.

आणि जायच्या आधी एक गोष्ट नक्की सांगा मुलांना. दिनकर केळकर म्हणजे कवी, 'अज्ञातवासी' नावाने लिहायचे. १९२० च्या आसपास गोळा करायला लागले, गावोगाव हिंडून, वाडे पडत होते त्या काळात. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाच्या नावातला 'राजा' तो आहे. पुढे १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. हे माहीत असलं की त्या खोल्यांतून चालताना वेगळंच वाटतं.

सोनटक्का

बाप रे, 'राजा' म्हणजे मला इतकी वर्षं पदवी वाटायची. दोनदा जाऊन आलेय मी!

मोकाट

अडगळ, तुमचा मान ठेवून असहमत. हे "आज फक्त अडकित्ते" म्हणजे परत शाळाच झाली की. आधी गोष्ट सांगा, मग दाखवा, मग घरी येऊन चर्चा. मुलांना अभ्यासाचा वास दहा फुटांवरून येतो. माझं म्हणणं, सोडून द्या त्यांना. पळू देत (म्हणजे चालू देत जोरात). जिथे थांबतील तिथे तुम्ही थांबा. माझा मुलगा एका दालनात मूर्ती सोडून फक्त अग्निशामक सिलिंडर मोजत होता. एकवीस! मी पण मोजले. मजा आली.

अडगळ

मग वारसा कुठला बघितला त्याने, आयएसआय मार्कचा का?

मोकाट

हा हा. पण दुसऱ्या खेपेला त्यानेच मला ओढत नेलं. सिलिंडर मोजता मोजता एका कोपऱ्यात नागाची मूर्ती दिसली होती म्हणे, ती दाखवायला. मला ती पहिल्या खेपेला दिसलीसुद्धा नव्हती.

शंकेखोर

केळकरमध्ये मस्तानी महाल आहे ना? तो खरा का तसा बनवलेला?

अडगळ

खरा, पण मूळ जागेवरचा नाही. कोथरूडला होता, तिथून सुटा करून आणला आणि इथे परत उभा केला. पोरांना आधीच कल्पना द्या, पडद्यावर बघितलेला झगमगाट डोक्यात ठेवून आत शिरतील आणि "एवढाच?" म्हणतील.

टिवल्या_बावल्या

कोथरूडचा वाडा पेठेत हलवला. म्हणजे पार्किंगचा त्रास तेव्हापासूनच होता.

बोरीबंदर

मुंबईकर म्हणून मध्ये पडतो. चौदा वर्षांचा भाचा असेल तर प्रिन्स ऑफ वेल्स (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हो, १९९८ पासून). त्या वयाच्या पोराला आधी इमारत लागते, वस्तू नंतर. ११ नोव्हेंबर १९०५ ला पायाभरणी, १९१४ ला बांधून तयार, आणि लोकांसाठी उघडलं थेट १० जानेवारी १९२२ ला. मधल्या काळात पहिलं महायुद्ध, तिथे लष्करी हॉस्पिटल होतं. मी हे पुतण्याला सांगितल्यावर तो वस्तू सोडून पलंग कुठे लावले असतील ते शोधत फिरत होता. घुमट बघा म्हणावं, विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलाय. आर्किटेक्ट जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियाही त्याचंच. सहा वर्षांच्या लेकीसाठी आवारात मुलांचं वेगळं म्युझियमही आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं.

एक मात्र आहे. लघुचित्रांच्या दालनात इतका अंधार असतो की माझे वडील म्हणाले, लाईट बिल भरलं नाही वाटतं यांनी.

बारीक_नजर

वडिलांना माझा नमस्कार सांगा, हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय :) जतनाच्या कामात होते, आता निवृत्त.

अंधार मुद्दाम असतो. कापड, कागद, लघुचित्रं यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश टाकत नाहीत. तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. वाचायला आपण घरी ३०० ते ५०० लावतो, म्हणून आत शिरल्यावर गुहेत आल्यासारखं वाटतं. प्रकाशाने रंग उडतो तो परत येत नाही, आणि ते नुकसान साठत जातं. आज थोडं, उद्या थोडं. रात्रभर बंद ठेवलं म्हणून भरून निघत नाही. उपाय सोपा आहे, दालनात शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहायचं. डोळे सरावले की काय काय दिसायला लागतं! मुलांना हाच खेळ द्या, आधी काय दिसत नव्हतं आणि आता दिसतंय.

आणि हात लावू नका म्हणतो ते उगाच दरडावायला नाही. घामात मीठ असतं, कांस्याला ते खातं. दगडावर हाताचं तेल बसतं. देवळात पायरीवरच्या कासवाची पाठ कशी काळी गुळगुळीत झालेली असते, तसं. एका माणसाच्या हाताने काही होत नाही, पण म्युझियममध्ये एकच माणूस येत नाही ना.

सोनटक्का

कासवाचं उदाहरण आवडलं. माझ्या मुलाला दर वेळी "हात नको लावूस" एवढंच सांगत आले, कारण कधीच सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं!

जाता जाता, माझी तक्रार. एका म्युझियममध्ये (नाव सांगत नाही) लेकाने वहीत हत्ती काढायला घेतला तर गार्डकाकांनी पेनच काढून घेतलं. तो रडला, मी भांडले, अर्धा दिवस वाया. काढू द्यायचं नाही का मुलांना?

बारीक_नजर

पेन काढून घेतलं, वही नाही ना? शाईचा डाग निघत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी आत फक्त पेन्सिल चालते. पण ते त्या पोराला नीट सांगायला हवं होतं, तुमची बाजू बरोबर आहे. फिरकी, पेन्सिली घेऊन जा. टोक काढायला शार्पनरही घ्या आणि सालपटं खिशात भरा!

बोरीबंदर

हत्तीवरून आठवलं. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर जो दगडी हत्ती आहे ना, तो बेटावरचा हत्ती. घारापुरीला पोर्तुगीज लोक एलिफंटा म्हणायला लागले ते ज्याच्यामुळे, तो. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेनने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथेच राहिले आणि १९१४ मध्ये जोडून परत उभा केला. मी लहानपणी शंभर वेळा त्याच्यासमोर भेळ खाल्ली असेल, पण हे कळलं पन्नाशीत. आता दर वेळी सांधे शोधतो.

काळा घोडा पण तिथेच आहे. ज्या पुतळ्यावरून त्या चौकाला काळा घोडा म्हणतात तो सातव्या एडवर्डचा पुतळा, १९६५ मध्ये तिथून हलवून इकडे आणला.

टिवल्या_बावल्या

एकंदरीत आपला वारसा म्हणजे एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवलेल्या वस्तू. आमच्या हिचं घर आवरणंही असंच असतं.

तारपा

धागा वाचतोय केव्हापासून, लिहू की नको करत होतो. टिवल्या_बावल्यांनी गमतीत म्हटलं ते मला जरा लागलंच.

मी डहाणूकडचा, वारली. आमच्यात लग्न असलं की घराच्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहितात. काढतात नाही म्हणत, लिहितात. सवासिणी बाया लिहितात, धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाणं म्हणते, मध्ये पालघाट देवी. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, काडीचं टोक ठेचून कुंचला करायचा. तो चौक त्या लग्नाचा असतो. लग्न झालं, पावसाळा आला, भिंत परत सारवली, संपलं. माझी आजी लिहायची आणि तिला कधी वाटलं नाही की हे ठेवावं.

मी नोकरीला लागल्यावर एका म्युझियममध्ये गेलो तर काचेमागे चौक. मस्त काढलेला, चूक काही नाही. पाटीवर लिहिलेलं 'विवाहप्रसंगीचे भित्तिचित्र'. मी बराच वेळ उभा होतो. अभिमान वाटला हे खरं. पण मनात पहिलं हेच आलं की लग्न कुणाचं? नवरी कोण? बाकी बघणाऱ्यांपैकी कुणाला तो प्रश्न पडणारच नव्हता.

तेव्हा "आपलं" दाखवायला नेताय तर ते कुणाचं आहे हेही बोला मुलांशी. वाड्यातले दिवे सगळ्यांच्या घरी नव्हते.

मोकाट

तारपा, भारी लिहिलंत. एक विचारतो, राग नका मानू. काचेमागे नसतं तर माझ्यासारख्या शहरी माणसाला चौक कधी दिसलाच नसता ना? चहाच्या कपावरचं वारली तेवढं ओळखतो मी.

तारपा

राग कसला. बरोबरच आहे. जिव्या सोमा मशे यांनी पण तेच केलं की, बाया फक्त लग्नाला लिहायच्या ते हा माणूस रोज काढायला लागला, कागदावर, कापडावर, आणि मासेमारी, शेती, मुंग्या सगळं त्यात आलं. २०११ ला पद्मश्री मिळाली. गावात सुरुवातीला काही जण बोलले असतील, पुरुष काय चौक लिहितो म्हणून. आज त्यांच्यामुळे आमची पोरं यावर घर चालवतात. म्हणून काच नको असं मी म्हणत नाहीये. काचेच्या पाटीवर एक ओळ वाढवा एवढंच, की हे पुसून जाण्यासाठीच लिहिलं होतं.

बारीक_नजर

आमच्या पेशातली सगळ्यात अवघड गोष्ट दोन वाक्यांत सांगितलीत. जे टिकण्यासाठी केलंच नव्हतं ते टिकवायची नोकरी केली मी.

माणदेशी

औंधचं नाव घेतलं आणि कोणी काही बोलेना, म्हणून येतो. सातारा जिल्हा, पुण्याहून सकाळी निघालात तर संध्याकाळपर्यंत घरी. श्री भवानी संग्रहालय, १९३८ सालचं, यमाईच्या डोंगरावर. संस्थान छोटंसं पण राजा अफाट, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, भवानराव. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, सूर्यनमस्काराचा प्रचार तर एवढा की संस्थानातल्या शाळेत सूर्यनमस्कार सक्तीचे. त्यांनी जमवलेलं हे सगळं. रविवर्म्याची अस्सल चित्रं, धुरंधरांची आहेत, आणि गंमत म्हणजे हेन्री मूरचं आई आणि मूल हे शिल्प! लंडन-न्यूयॉर्कला रांगा लावून बघतात तो हेन्री मूर आमच्या माणदेशात, खाली ज्वारीची शेतं. आमच्या शाळेची सहल दर वर्षी तिथेच जायची आणि आम्ही त्या शिल्पाला 'डोकं छोटं बाई' म्हणायचो. मोठं झाल्यावर कळलं आम्ही काय बघितलं होतं.

शंकेखोर

ती निरांजन हातात घेतलेली बाई, दिव्याचा उजेड चेहऱ्यावर पडलेला, ते रविवर्म्याचं चित्र औंधलाच आहे ना? आमच्या हॉलमध्ये फ्रेम आहे.

माणदेशी

नाही, ते म्हैसूरला. जगनमोहन पॅलेसमध्ये.

मोती_तलाव

आणि रविवर्म्याचं नाहीच ते! सावंतवाडीचा असल्याने मी इथे गप्प बसू शकत नाही. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. जन्म १८८२, आमच्या सावंतवाडीचे. १९४५-४६ च्या सुमारास केलेलं, जलरंगात. तेलरंगात नाही, जलरंगात, पुन्हा वाचा. जलरंगात एकदा हात चुकला की झाकायला जागा नसते, आणि त्यात बोटांच्या फटीतून येणारा तो लालसर उजेड बघा. समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. आणि लोक म्हणतात रविवर्मा! अहो रविवर्मा १९०६ ला गेले.

शंकेखोर

फ्रेमच्या खाली छापलंय हो 'राजा रविवर्मा' असं. वीस वर्षं पाहुण्यांना सांगतोय.

टिवल्या_बावल्या

पाहुण्यांना परत बोलवा, शुद्धिपत्रक वाटा.

माणदेशी

गोंधळ व्हायचं कारण आहे. रविवर्म्याने १८९४ ला घाटकोपरला छापखाना काढला, नंतर तो मळवलीला गेला, आणि तिथून देवादिकांची चित्रं घरोघरी पोचली. तेव्हापासून जुनं, सुंदर, साडीतल्या बाईचं चित्र दिसलं की आपण एकच नाव घेतो.

मोती_तलाव

ते मान्य. राग उतरला की कामाचं सांगतो. फिरकी, पोरांना गंजिफा दाखवा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून करतात. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. राजा, प्रधान आणि एक ते दहा. जिथे जाल त्या म्युझियममध्ये गंजिफा आहे का विचारा, असेल तर मुलांना सांगा की मत्स्याची पानं शोध, वराहाची शोध. फोनवर पत्ते खेळणारी पिढी आहे, त्यांना पटकन कळतं. माझा भाचा म्हणाला होता "मामा हा तर कस्टम डेक आहे". असो, त्याची भाषा.

गुडघेदुखी

सगळे मूर्ती आणि रंगावर बोलताय, मी ७४ वर्षांचा आहे, कामाचं सांगतो. एक, आधी फोन करा. बरीच म्युझियमं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, दिवाळीत तर विचारूच नका. दोन, सकाळी उघडताच जा, घरून खाऊन जा. तीन, केळकर म्हणजे जुन्या धाटणीची इमारत, जिने आहेत, साबुंचा गुडघा धरून चाला. चार, बाक कुठे आहेत ते आत शिरताच बघून ठेवा. आणि पाचवं सगळ्यात महत्त्वाचं. म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही बसा इथे, आम्ही बघून येतो" असं म्हणू नका. मॉलमध्ये तेच झालं ना त्यांचं? त्यांना बसायचं असेल तर ते बसतील, पण त्यांच्याशेजारी कोणीतरी एक जण बसा.

फिरकी

गुडघेदुखी काका, पाचवा मुद्दा वाचून जरा गप्प झाले. धन्स. तारपा, तुमचा प्रतिसाद भाच्याला पाठवला. अडगळ जिंकले, केळकरला जातोय, पण मोकाट यांच्यासाठी नियम शिथिल: दिवे बघायचे, पण वाटेत जे आवडेल त्याला परवानगी. नवऱ्याला दिवसभरात तीन पाट्यांचा कोटा दिलाय. आल्यावर कळवते.

टिवल्या_बावल्या

तीन? उदार आहात.

सोनटक्का

दिवाळी होऊन गेली. फिरकी कुठे आहेत? का लोणावळ्यापर्यंत पोचल्या?

फिरकी

आले आले! पाहुणे कालच गेले.

तर जाऊन आलो. पावणेदोन तास आत होतो, कोणी रडलं नाही, कोणी जिन्यात बसलं नाही. साबु बसले, पण शेजारी नणंद बसली आणि दोघं काय बोलत होते कोण जाणे, तिचे डोळे लाल होते. विचारलं नाही मी. नवऱ्याने तिसरी पाटी पहिल्याच खोलीत संपवली आणि मग अक्षरशः वस्तू बघायला लागला, बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मुलगा दिव्यांची गिनती करत होता, लेकीला वजरी आवडली, म्हणजे पाय घासायची. पाय घासायला एवढी नक्षी कशाला म्हणे. आणि खरंच कशाला? आपण प्यूमिक स्टोन घेतो तो किती कंटाळवाणा असतो.

पण खरी गोष्ट दिव्यांच्या दालनातली. भाच्याने पेन्सिल काढून एक लामणदिवा चितारायला घेतला. साखळीला लटकणारा, वर पक्षी. साबा येऊन त्याच्या मागे उभ्या राहिल्या. मला वाटलं आता आठवणी निघणार, आमच्या माहेरी असं आणि तसं. त्या म्हणाल्या, "असाच होता आपल्याकडे. मोर होता वर. मोडीत घातला मी."

भाच्याला मोडीत म्हणजे काय ते कळेना. मग सांगितलं की पितळ तराजूत टाकून वजनावर विकायचं. कधी, का, कितीला, त्याचे प्रश्न सुरू. १९७९ साली म्हणे. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली, दोन मुलं, चुलीवर डाळ शिजायला तास लागायचा. दिवा, एक घंगाळ आणि दोन तपेली दिली आणि त्यात थोडे पैसे घालून प्रेशर कुकर आणला. साबुंच्या आईने महिनाभर अबोला धरला होता.

भाचा म्हणाला, "आजी, वाईट नाही वाटत आता? तो इथे काचेत असता." साबा म्हणाल्या, "इथे असता तर मला काय उपयोग होता? कुकरमुळे माझा रोजचा तास वाचला. त्या तासात मी शिवणाचा कोर्स केला." आणि पुढच्या कपाटाकडे गेल्या सुद्धा. शिवणावर त्यांनी दोन मुलांची कॉलेजं केलीत, हे मला माहीत होतं. त्याची सुरुवात दिव्यापासून झाली हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

भाच्याने चित्र पूर्ण केलं पण वरचा पक्षी बदलून मोर केला. खाली लिहिलंय 'आजीचा दिवा, मोडीत १९७९'. वही बंगळुरूला गेली.

तारपा

ही पाटी बरोबर लिहिली पोराने.

अडगळ

केळकरांसारखी माणसं मोडीच्या दुकानांतूनही वस्तू सोडवून आणायची. कुणास ठाऊक.

मोकाट

अडगळ, सिनेमा नका करू आता.

गुडघेदुखी

साबु काय म्हणाले शेवटी?

फिरकी

काका, घरी येऊन काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, औंध किती वाजता उघडतं. माणदेशी, जिन्यांचं काय तिथे?

माणदेशी

गाडी बऱ्यापैकी वरपर्यंत जाते, तुमच्या विपुत (विचारपुशीत) लिहितो सविस्तर. कधी येताय ते सांगा, 'डोकं छोटं बाई' दाखवायला मी येतो.

शंकेखोर

एक शंका. तो कुकर अजून आहे का?

फिरकी

आहे! झाकणाची रिंग आणि शिटी किती वेळा बदलली त्याला गणती नाही, पण भांडं तेच.

टिवल्या_बावल्या

मग तो द्या आता म्युझियमला. पाटी तयारच आहे.

फिरकी

साबांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, अजून डाळ शिजतेय त्यात, गप्प बसायला सांग त्याला.